दोन बोटांची जागा

चार बोटं.

टँकर चौथ्या दिवशी. माणशी एक घागर.

कपाशी जळाली. फवारणीच्या औषधाची बाटली तेवढी उरली, अर्धी.

निळा परकर, बायनाबाईचा.

तीन बोटं.

गुरांच्या छावणीत, कडब्याच्या गंजीआड मुक्ताबाईनं परकराची नाडी सैल केली. बेंबीपासून निघालेला लाल, खवलेदार पट्टा दोन्ही अंगांनी पाठीच्या कण्याकडं चालला होता. मागं हात नेऊन तिनं मधली कोरी कातडी मोजली. आज दोनच.

ही नागीण, असं सासूनं, छबुबाईनं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तोंड शेपटीला टेकलं की माणूस संपलं. थोरली सून बायनाबाई गेल्या साली अशीच गेली. सकाळी विळखा पुरा झाला, दिवे लागायच्या आत तोंडाला फेस आला. तिचा परकर धाकटीकडं आला. धडधाकट कापड कोण जाळतं? हल्ली नाडी बांधताना मुक्ताबाईला वाटायचं, मागून कुणीतरी गाठ आवळतंय.

त्याच दिवशी सोसायटीच्या गोदामात तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मुक्ताबाईच्या पट्ट्यावरचे खवले खरवडून भिंगाखाली पाहिले.

"नागीण एकाच अंगाला येते, ताई. हा गजकर्ण आहे. नाडीखाली घाम साचतो, तिथंच पसरतो. परकर कुणाचा?"

मुक्ताबाईनं थोरल्या जावेचं सगळं सांगितलं.

"मग तिलाही हाच होता. ह्यानं खाज सुटते. माणूस मरत नाही."

त्यांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं, परकर उकळून उन्हात वाळवायला सांगितला. त्याला पाणी कुठलं, हे मुक्ताबाईनं विचारलं नाही. ती जवळजवळ पळतच छावणीत आली.

छबुबाई चिंधी आणि फवारणीची बाटली घेऊन तिचीच वाट पाहत बसली होती. एक सून गेली. दुसरी जाऊ द्यायची नाही, असं तिनं देवापुढं बोलून ठेवलं होतं. बाटलीचं बूच उघडं होतं.

मुक्ताबाईनं एका दमात सगळं सांगितलं. "ह्यानं कुणी मरत न्हाई म्हणं, आत्या."

छबुबाईच्या हातातली ओली चिंधी तशीच राहिली.

"मंग माझी बायना कावून मेली?"

गेल्या साली, विळखा पुरा झाला त्या सकाळी, बायनाबाईच्या खाजवून सोललेल्या कमरेवर छबुबाईनं ह्याच बाटलीतलं औषध तीनदा चोळलं होतं.