दोन बोटं वर

स्टिक वरून खाली आली, बॉलच्या दोन बोटं वरून अलगद गेली आणि चिमाजीच्या डाव्या खांद्यावर जाऊन विसावली. बॉल होता तिथेच होता.

गोल्फ शिकवण्याच्या बारा वर्षांत ललितने इतका देखणा स्विंग पाहिला नव्हता. हात अंगाला धरून राहावा म्हणून काखेत दाबलेला रुमाल जागचा हलला नाही. स्टिक माथ्यावर गेली, तिथे क्षणभर थांबली, जणू समोरच्या नाल्यावरचं धुकं बघून घेतलं, आणि मग सावकाश उतरली. फक्त बॉलला यातलं काहीच कळलं नाही.

"एक झाला," ललित म्हणाला. "दोन राहिले."

सोमवार होता, मेंबर लोकांना मैदान बंद. क्लबच्या कमिटीने ललितवर सोपवलं होतं: तीन फटक्यांत एक तरी बॉल नाल्यापलीकडे गेला, तर चिमाजीने ललितच्या हाताखाली नवशिक्यांना शिकवायचं. नाही गेला, तर आहेच, पाटी घेऊन साहेबांचे बॉल वेचणं. सहा वर्षं तो तेच करत होता. वेचता वेचता ललितचा प्रत्येक धडा त्याने ऐकला होता. पाय जोडून मारा. डोळे मिटून मारा. वर गेल्यावर थांबा, घाई करू नका. साहेब लोक पैसे देऊन हे ऐकायचे आणि घाईच करायचे. चिमाजीने फुकटात ऐकलं आणि मनावर घेतलं.

दुसरा स्विंगही तसाच. धुक्यातून एक बारीक सुं असा आवाज गेला. पुन्हा दोन बोटं वर.

"चिमाजी," ललितने जवळ येऊन विचारलं, "तुम्ही सराव करता कुठे?"

"मळ्यात, सर. बांबू घेऊन. रोज उजाडायच्या टायमाला."

"मळ्यात मोकळी जागा आहे?"

"मोकळी कुठली? वाफ्याच्या बांधावर उभा राहतो. खाली कोथिंबीर." चिमाजीचा चेहरा जरा खुलला. "दोन वर्सं झाली, सर. एक काडी मोडली नाय."

बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. तो बॉलकडे बघत राहिला.

ललितला आधी हसू आलं, मग त्याने ते आवरलं. अंगाने दोन वर्षांत शिकलेलं एका फटक्यात विसरता येत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि कमिटीला खोटं सांगणं त्याला जमणार नव्हतं.

कुंपणापाशी मालनबाई बसली होती. बाजाराला निघालेली चिमाजीची बायको, नवऱ्याचा फटका बघायला म्हणून टेम्पोतून मध्येच उतरली होती. शेजारी कोथिंबिरीच्या जुड्यांची पाटी, वर ओलं फडकं. तिने सगळं ऐकलं. ती उठली, गवताच्या कडेला चपला काढल्या आणि अनवाणी चालत आली.

"मीच म्हनले व्हते, सर," ती ललितला म्हणाली. "एक काडी जरी मोडली तर बांबू चुलीत घालीन." मग नवऱ्याकडे वळली. "अहो, मारा आता."

"लागंल गं."

"लागू द्या. मोडली तर मोडू द्या. मी काय म्हननार नाय."

चिमाजीने तिच्याकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. त्याने रुमाल पुन्हा काखेत धरला, पाय जुळवले आणि डोळे मिटले.

धुकं पायापर्यंत उतरलं होतं. कोथिंबिरीचा ओला वास येत होता, मालनबाईच्या हाताचा असेल. पण चिमाजीला वाटलं, आपण बांधावरच आहोत, अजून पुरतं उजाडलेलं नाही, आणि खाली सगळा वाफा दवाने जड होऊन झोपला आहे. स्टिक वर गेली. थांबली. यावेळी फार वेळ थांबली. त्याला त्या वाफ्याची दया आली.

मग ती खाली आली आणि काडी मोडावी तसा टक् आवाज झाला.

ललितची मान झटकन वर गेली. मालनबाईनेही कपाळावर हात धरून वर पाहिलं. पांढऱ्यात पांढरा बॉल आधी दिसेना. मग धुक्याच्या वर, नुकत्या आलेल्या उन्हात, तो एकदा चमकला आणि कसलीही घाई न करता नाला ओलांडून पलीकडे उतरला.

"गेला!" ललित ओरडला. "चिमाजी, वर बघा, गेला!"

चिमाजीने वर पाहिलंच नाही. स्टिक बाजूला टाकून तो गवतात उकिडवा बसला होता, आणि काय मोडलं ते दोन्ही हातांनी चाचपत होता.