माशी

जिल्हा संघाच्या निवडीसाठी पायलची नेमबाजी होती, आणि महिनाभर राखीच्या स्वयंपाकघरात दुसरा विषय नव्हता. रायफलच्या नळीच्या टोकाला नेम धरायला जो बारीक उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात, हे पोळ्या लाटता लाटता तिचंही पाठ झालं होतं. "डोळा माशीवर, माशी ठिपक्यावर, श्वास बंद," असं लेक झोपेतसुद्धा बडबडायची. बंदुकीतलं राखीला ओ की ठो कळत नव्हतं. पण चारचौघांत पोरगी टवटवीत दिसावी म्हणून सकाळी तिने पायलच्या मानेला आणि कॉलरच्या आत सढळ हाताने पावडर थापली.

दुपारी पायल नाशिक रोडला बसमधून उतरली ती तोंड पाडूनच. नऊ गोळ्या बरोबर मधोमध लागल्या होत्या. दहावी शेजारच्या मुलीच्या टार्गेटवर गेली, आणि संघातही शेजारचीच मुलगी गेली.

राखीचा नुसता संताप झाला. रायफल खराब दिली असेल, सरांनी मुद्दाम कडेला उभं केलं असेल, कुणीतरी मागून हाक मारली असेल!

"अगं, नऊ नीट लागल्या ना? मग ऐनवेळी कुठं माशी शिंकली?"

पायलने कॉलर झटकली. पांढरा धुरळा उडाला.

 

"माशी जागेवरच होती, मम्मी. शिंकले मी."