मागच्या सीटचा विमा

“वहिनी, मागच्या सीटचा विमा दरवर्षीसारखा ठेवू ना?” नवलनं मोबाइलमधून मान वर न करताच विचारलं, आणि पन्ह्याचा पेला ठेवता ठेवता दिपमालाचा हात थांबला.

नवल गल्लीतलाच, विमा एजंट. प्रेमराजच्या मोटारसायकलचा विमा दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर तोच उतरवून द्यायचा. आज प्रेमराज कंपनीतून यायचा होता, म्हणून गाठ त्याच्या बायकोशी पडली. नवलनं सरळ समजावून सांगितलं. गाडीचा वेगळा, चालवणाऱ्याचा वेगळा, आणि मागं बसणाऱ्याला काही झालं तर त्यासाठी वेगळा. त्याला कुणाचं नाव घालावं लागत नाही. प्रेमराजभाऊ तो न चुकता घेतात.

दिपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. हे घेतात, आणि मागं बसतं कोण?

वर्षभर ती गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली पडून असायची. प्रेमराज कामावर जायचा कंपनीच्या बसनं. रविवारी मात्र गाडी अशी मायेनं पुसायचा, की दिपमाला मुद्दाम तिच्या हँडलवर ओली फडकी वाळत घालायची. गाडी घेतली होती सुनंदाच्या हट्टानं. सुनंदा ही त्याची पहिली बायको, तापाचं निमित्त होऊन गेलेली. दुसरेपणाच्या रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक दिपमालाच्या गळ्यात होता. म्हणजे सवत गळ्यातही होती आणि पोर्चमध्येही.

उन्हाळ्यात ताडपत्री निघायची ती एकाच गावासाठी. पिंपळनेर, सुनंदाचं माहेर. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला प्रेमराज दिपमालालाही चल म्हणाला होता. सवतीच्या माहेरी मी पाय ठेवणार नाही, असं तिनं फणकाऱ्यानं सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. एकटाच जायचा, येताना खापरावरच्या पुरणपोळ्या आणि एक नवी साडी आणायचा. पोळ्या ती शेजारी वाटून टाकायची. साडी घडी न मोडता पेटीच्या तळाशी. मेलीच्या नावाची साडी आपल्याला काय करायची?

आखाजीला गल्लीतल्या लेकी माहेरी यायच्या, झोक्यावर बसून गाणी म्हणायच्या. दिपमाला मामाकडं वाढलेली. मामा गेले आणि तिला न्यायला येणारं कुणी उरलं नाही. ते दुःख तिनं गिळलं होतं. पण गेलेल्या बाईचं माहेरपण आपल्या नवऱ्यानं वर्षाच्या वर्षाला करून यावं, हे तिला सोसवत नव्हतं. आणि आता तर त्या बाईची जागासुद्धा विमा उतरवून राखलेली निघाली.

“काढून टाका तो,” ती नवलला म्हणाली. “तिथं बसणारी कधीच गेली.”

प्रेमराज फाटकातच उभा होता. त्यानं ऐकलं. खांद्यावरची पिशवी त्यानं ओट्यावर ठेवली, काही बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पिंपळनेरहून सासूबाई होत्या, सुनंदाची आई भिकुबाई. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या नेहमी मोठ्यानं बोलायच्या. दिपमालानं आजवर त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्यांचा फोन आला की ती उठून आत जायची. आज ती जागची हलली नाही. नवरा आपल्यासमोर काय बोलतो ते तिला बघायचंच होतं.

“जवाई, झोका बांधेल शे,” भिकुबाईंचा आवाज पार ओट्यापर्यंत आला. “औंदा तरी मन्ही दिपमालाले संगे लई या. दरसाल सांगतस, मांगली सीट तिन्हासाठेच ठेवेल शे, आनि एकलाच येतस. मी धाडेल साड्या तरी नेसस का ती?”

प्रेमराजनं चोरट्या नजरेनं बायकोकडं पाहिलं. नेसते, असं तो फोनवर खोटंच म्हणाला आणि पाठ वळवून ताडपत्रीच्या दोऱ्या सोडू लागला.

दिपमाला आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. नवल दारातून चाचरत म्हणाला, की वहिनी, तुम्ही म्हणालात म्हणून मी तो काढून टाकला, आता हे असंच पाठवून देऊ का?

दिपमाला उंबऱ्यात आली. हातातल्या साडीची घडी मोडलेली होती.

“परत घाला, नवलभाऊ,” ती म्हणाली. “बसणारी आहे.”