पळीभर पंचामृत

"हिच्या पोटात काय गेलं, ते मले आत्ता पाहिजे," डॉक्टर हर्षा म्हणाल्या.

जुईलीला एकशे तीन ताप होता. रक्ताच्या कॅन्सरवरची औषधं घेऊन पोरगी आठ दिवसांपूर्वी अमरावतीच्या याच दवाखान्यातून घरी गेली होती. त्या औषधांनी वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारल्या होत्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या धडधाकट माणसात हजारांनी असतात, त्या दोनशेवर आल्या होत्या.

डॉक्टरांनी घसा पाहिला, मानेतल्या गाठी चाचपल्या. कुठेच सूज नव्हती, लाली नव्हती, पू नव्हता.

"म्हणजे बरंच आहे ना?" जुईलीच्या आईने, आकांक्षाने, आशेने विचारलं.

"नाही हो ताई. पू व्हायलेही पेशी लागतात. लढणारंच कोणी नाही, तर गाठ सुजणार कशी? चोर घरात फिरून राहिला अन् कुत्रं भुंकत नाही, असं झालं हे. तो कुठून शिरला ते समजलं, तर औषध नेमकं देता येते."

"काहीच नाही दिलं. पाणी उकळून, पोळी तव्यावरून सरळ ताटात. फळ नाही, फूल नाही. सख्ख्या नणंदेले दारातून परत पाठवलं मी!"

खोटं नव्हतं. आठ दिवस बाई डोळ्यांत तेल घालून बसली होती.

जुईलीचे वडील उद्धवगुरुजी भिंतीला टेकून उभे होते. अकरा दिवसांचा जप त्यांनी परवाच पुरा केला होता. त्या सकाळी आकांक्षा आंघोळीला गेली, तेवढ्यात ते पळी घेऊन लेकीच्या खोलीत गेले होते. कच्चं काही द्यायचं नाही, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण तीर्थाला कोणी कच्चं म्हणतं का? अकाली मरण टळो, सगळे रोग जावोत, असं म्हणत तीस वर्षं त्यांनी गावभरच्या ओंजळींत तेच तर घातलं होतं.

डॉक्टर जुईलीजवळ वाकल्या. "बेटा, तू सांग. काय खाल्लं?"

जुईलीने वडिलांकडे पाहिलं. "काहीच नाही," ती म्हणाली.

अकरा वर्षांची पोर तापाने फणफणत होती आणि बापासाठी खोटं बोलत होती. गुरुजींना ते सोसेना.

"मी दिलं. पंचामृत. पळीभर."

"दूध कच्चं?"

"कच्चंच घेतात."

डॉक्टरांनी सिस्टरला हाक मारली, आणखी एक इंजेक्शन सुरू करायला सांगितलं आणि दोघांना बाहेर काढलं. "औषध मी देईन. पण पेशी तिच्याच हाडांतून याव्या लागतीन. ते माह्या हातात नाही."

दार लागलं. आकांक्षाने ओरडावं, चारचौघांत थोबाडीत मारावी, असं गुरुजींना वाटत होतं. ती बाकावर बसली. वर न बघताच म्हणाली,

"जप करा आता. दुसरं येते काय तुमाले?"

गुरुजी तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं. पहिला शब्दच आठवेना.