भरून आलेलं दार

विमान उतरायला लागलं तेव्हा हवाईसुंदरी मृण्मयीला दारच सापडेना. दाराभोवतीची फट चक्क भरून आली होती, जखम भरते तशी!

ती कॉकपिटकडे धावली. "कॅप्टन मॅडम, हँगरमधल्या शहाण्यांनी गारपिटीत झालेल्या जखमांवर मलम लावताना दारांच्या फटी झाकल्याच नाहीत! विमानाची कातडी सगळीकडे जुळलीय!"

"मग चाकांचं झाकण?" कॅप्टन सामंत पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी चाकांचा दांडा ओढला. झाकण उघडलं नाही, पण अख्खं विमान कळवळलं.

"मॅडम, त्याला दुखतंय हो!"

"पोटावर उतरलो तर सगळे जळतील, बाळा."

त्यांनी डोळे मिटून पुन्हा दांडा ओढला. फाटल्याचा आवाज आला, चाकं खाली आली. पण धावपट्टी समोर दिसत असूनही दुखावलेल्या विमानाने नाक वर केलं आणि ते जिवाच्या आकांताने जमिनीपासून दूर पळत सुटलं.