करार

लेम्युएलने तिसऱ्यांदा पेटी उपसली.

"कागद कुठंय?"

"कुठला?" कझायाने तव्यावरची मक्याची भाकर उलटली.

"आपल्या कराराचा. शनिवारच्या आत हवाय."

"कशाला?"

"कळेल."

माणूस मुळातच घुमा. थोरलं पोरगं तापाने गेल्यापासून तर दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी खूप.

टेक्ससात, ब्राझोस नदीकाठी, तेव्हा पाद्री दोन-दोन वर्षं फिरकत नसे. जोडपी न्यायाधीशापुढे करार करत आणि संसाराला लागत. पाद्री आला की लग्न लागे. तोवर पटलं नाही, तर कागद फाडायचा, दोघं मोकळी. आमच्या घराण्याची ही मूळ बाई चार वर्षं अशीच कागदावर नांदत होती.

शेजारची टॅबिथा नदीवर कपडे आपटता आपटता म्हणाली, "शनिवारी लुइझियानाची गाडी सुटते. त्या फिनीने कागद फाडून बायकोला त्याच गाडीत बसवलं की! अगं, पुरुषाला कागद लागतो कशाला? फाडायला!"

कझायाच्या कडेवर मुलगी, आणि पिकानच्या झाडाखाली पोराची ताजी माती. ती सोडून जायचं? घरी येऊन तिने कागद गादीतल्या मक्याच्या सालांत खोल कोंबला आणि वरून टाके घातले.

गुरुवारी लेम्युएलने छपराच्या फटीसुद्धा धुंडाळल्या. शेवटी तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"कझी, आठव ना गं."

"उंदरांनी खाल्ला असेल." तिने मान वर केली नाही.

बाहेर पाऊस झोडपत होता. त्याने घोड्यावर खोगीर चढवलं.

"आता कुठं निघालास?"

"न्यायाधीशाकडे."

गाऱ्हाणं घालायला चाललाय, तिने ओळखलं. घालू दे. कागद हाती लागल्याशिवाय तिला कुणी हलवू शकत नव्हतं. घोडा दिसेनासा झाला, तेव्हा तिला चक्क हायसं वाटलं.

शनिवारी सकाळी चौघांनी त्याला घोंगडीत घालून आणलं. परतताना नदी ओलांडताना पुराने ओढून नेलं होतं. मागून काळ्या झग्यातला, चिखलाने माखलेला एक माणूस चालत आला.

कझाया बराच वेळ रडली. मग डोळे पुसून टॅबिथाच्या नवऱ्याला, इझ्राला म्हणाली, "बरं झालं, पाद्री आणलात. माती तरी नीट होईल."

"आम्ही नाही आणले, वहिनी," इझ्राने टोपी काढली. "आज तुमचं लग्न लावायला लेमनेच बोलावून ठेवले होते. करार दाखवल्याशिवाय पाद्री लग्न लावत नाहीत, आणि जुना कागद हरवला म्हणून नव्यावर सही करायला गेला होता."