झाकणाच्या आतली खूण

"ताई, आता पुरे झालं," धाकटा भाऊ म्हणाला. "सामान बांध. गाडी खाली उभी आहे."

ती सासऱ्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. सासरे, म्हणजे सगळ्या गल्लीचे घड्याळजी, खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित पडला होता.

"यांची बटणं कोण लावणार?" तिने विचारलं.

"बाई ठेवू एखादी." भावाने आवाज खाली आणला. "दाजी जाऊन पाच महिने झाले. तुला कुणी बघायचं की तूच सगळ्यांना बघायचं?"

"घेऊन जा तिला," घड्याळजी म्हणाले. त्यांचे कान तिखट होते. "माझं काय, उघडा बसेन मी."

भावाला हसावं की रडावं कळेना. तो एकटाच परत गेला.

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. नवरा गेल्यावर महिन्याभराने, एका सकाळी, तिने चिठ्ठी लिहून उशीखाली ठेवली होती. तिला जगायचंच नव्हतं. तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात सासरे उभे होते. शर्ट उघडा, उजवा हात लोंबत.

"सूनबाई, हात उठत नाही गं."

तिने बटणं लावली, त्यांना डॉक्टरांकडे नेलं, आल्यावर भात भरवला. यात दुपार उलटली. चिठ्ठी उद्यावर गेली, मग परवावर.

डॉक्टरांना तपासणीत काहीच सापडलं नाही. मुलगा गेल्याचा धक्का, ते म्हणाले, कधीकधी असंही होतं.

घराखालचं दुकान बंद पडायची वेळ आली. "हात तुझे, डोकं माझं," सासरे म्हणाले आणि तिला समोर बसवून शिकवू लागले.

"दुरुस्त करतेस की गुदगुल्या करतेस त्याला? नीट धर चिमटा."

ती हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग आपण हसलो म्हणून वर जाऊन रडली.

सासऱ्यांची एक शिस्त होती. घड्याळ ज्याने उघडलं, त्याने मागच्या झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख सुईने कोरायची. "उघडायचं आणि खूण करायची नाही, ही चोरी झाली," ते म्हणायचे. त्यांची खूण त्रिकोण. तिने फुली घेतली.

शिवाय दुरुस्त झालेलं घड्याळ दोन दिवस त्यांच्याजवळ राहायचं. ती वर स्वयंपाकाला गेली की ते खाली एकटेच घड्याळं कानाला लावून बसत.

तिने उघडलेलं पहिलं घड्याळ शाळेतल्या बाईंचं. हात इतका कापत होता की स्क्रू दोनदा निसटला. ते आठवड्यात परत येणार, याची तिला खात्री होती. आलं नाही. त्यानंतरचीही आली नाहीत.

"नवशिक्याचं नशीब," सासरे म्हणाले.

रविवारी ती त्यांची नखं कापायची. त्या निकामी हाताच्या नखांतही काळं तेल असायचं. दुकानात बसलं की लागायचंच.

अशी पाच वर्षं गेली. चिठ्ठी कधी फाडून टाकली, तेही तिला आठवेना. दुकानाच्या पाटीवर सासऱ्यांनी तिचं नाव घालून घेतलं. मग एका दुपारी ते खुर्चीतच गेले. त्या सकाळीही बटणं तिनेच लावली होती.

ती फार रडली. आपण नसतो तर या माणसाचं काय झालं असतं, हा विचार मात्र तिला धीर देत होता.

पंधरा दिवसांनी तिने दुकान उघडलं. पहिल्या आल्या त्या शाळेतल्या बाई.

"पाच वर्षांत मिनिटभर मागेपुढे नाही," त्या मनगटावरचं घड्याळ काढत म्हणाल्या. "उघडायची वेळच आली नाही बघ. आता जरा साफ करून दे. हात गुणी आहे हो तुझा."

बाई गेल्यावर तिने डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण काढलं. आत तिची ती पहिली फुली होती, वेडीवाकडी, आणि शेजारी तारीख. तिला हसू आलं.

फुलीखाली दुसऱ्या दिवसाची तारीख होती, आणि त्या तारखेपुढे केसाएवढ्या बारीक, जराही न हललेल्या तीन रेघांचा त्रिकोण.